डाव्या तोंडाचे शंख

१२ मे, बुधवार

आज कामाला लागले. बावन्नाव्या वर्षी पहिली नोकरी. किनाऱ्यावरचं बंद पडलेलं हॉटेल म्युझियमवाल्यांनी दोन महिन्यांसाठी घेतलंय. त्याच्या जेवणघरात लांब टेबलं लावलीत आणि आम्ही अकरा बायका समोरासमोर बसतो, तांदूळ निवडायला बसल्यासारख्या. फक्त ताटात तांदूळ नाहीत, समुद्राच्या तळाची वाळू आहे. आमच्याच नवऱ्यांच्या जाळ्यांतून झटकलेली. त्यातून शंख वेचायचे. मोठे नव्हेत. मोठे शंख घासूनपुसून व्यापाऱ्याला देण्यात आमचा जन्म गेला. हे दाण्याएवढे, काही तर कणीएवढे. असले आजवर आम्ही पायाखाली तुडवत आलो.

ही वही म्युझियमच्या मॅमनी दिली. मोजणीला एक, आणि "नांग पिलांग, तुम्हाला हवं ते लिहायला" म्हणून ही दुसरी. वडीलधाऱ्या बाईला नांग आणि पुरुषाला नोंग म्हणतात आमच्यात, ते त्या शिकल्यात. मी खरंच लिहीन असं त्यांना वाटलं नसावं.

नोएमी मॅम मनिलाच्या. चौतिशीतल्या, काटकुळ्या. आमची बोली मोडकीतोडकी बोलतात आणि रागावल्या की आवाज चढण्याऐवजी खाली जातो. शंखांच्या एकाच घराण्याचा त्यांना ध्यास आहे. मला बोलावून म्हणाल्या, "टोक वर धरा, तोंड तुमच्याकडे. तोंड कुठल्या बाजूला आलं?"

"उजव्या."

"आता हा धरा."

त्याचं तोंड डावीकडे होतं. तीस वर्षं शंख धुतले, असा कधी दिसला नाही. म्हणजे दिसला असणारच, मी पाहिला नव्हता.

"बहुतेक सगळे शंख उजवीकडे वळतात," मॅम म्हणाल्या. "हे अख्खं घराणं डावं. तेवढेच मला हवेत."

घरी येऊन पुलोला सांगितलं. नवरा जाळं मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "त्याने पोट भरतंय ना? मग डावं काय नि उजवं काय."

१४ मे, शुक्रवार

पुलो आपल्या जाळ्यांतला चुरा आमच्या कॅम्पला, म्हणजे हॉटेलातल्या म्युझियमवाल्यांना, द्यायला तयार झाला. आधी दोन दिवस नको नको करत होता. का, ते कळलं नाही. सगळ्या पांगलाओ बेटात त्याच्याइतक्या खोल जाळी सोडणारा दुसरा नाही. ऐंशी वाव! एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढा दोर. फाटक्या जाळ्यांची गाठोडी दगड बांधून तळाला सोडायची, महिनाभर तिथेच राहू द्यायची, मग नुसत्या हाताने वर ओढून ताडपत्रीवर झटकायची. मोठे शंख व्यापाऱ्याचे. उरलेला चुरा इतकी वर्षं परत समुद्रात जायचा, आता कॅम्पवर जातो.

प्रत्येक पिशवीत चिठ्ठी घालावी लागते. कुठे, किती खोल, कधी, कोणी. लिहिते मी, सांगतो पुलो. "बाहेरच्या बेटाच्या दक्षिणेला, ऐंशी वाव." चिठ्ठीच्या बाबतीत मॅम फार कडक आहेत. म्हणतात, "शंख फुटला तरी चालेल, चिठ्ठी हरवायची नाही. चिठ्ठी नसलेला शंख म्हणजे बेवारस प्रेत."

माझ्या शेजारी सेबिया बसते. साठी उलटली तरी जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "मॅम, आमच्या नवऱ्यांच्या गळ्यातही एकेक चिठ्ठी बांधा. कुठे, कधी, कोणाबरोबर." मॅमनासुद्धा हसू आवरेना.

१९ मे, बुधवार

पुलो उतारवयात शहाणा झालाय. डिझेलचा डबा तीन दिवस पुरायचा तो आठवडा झाला तरी संपत नाही. म्हणाला, "पाण्याची ओढ चांगली आहे, इंजिन फारसं लावावंच लागत नाही." आणि सकाळी दहाच्या आत घरी. पूर्वी दुपारचे दोन वाजायचे. मी कामावरून येते तर मक्याचा भात तयार. करपलेला असतो, पण असतो. बाईमाणूस कमवायला लागली की पुरुष सुधारतात असं आई म्हणायची, ते खोटं नव्हतं.

एवढंच की वेंधळेपणा वाढलाय. उजव्या पायातली चप्पल तिसऱ्यांदा हरवली. "पायातून निघून गेलेली कळत नाही? पिऊन असतोस का?" म्हटलं. तर म्हणे पट्टा सैल होता. सोमवारी रश्श्याची वाटी त्याच्या हातातून सुटली आणि माझ्या एकुलत्या एक बऱ्या टेबलक्लॉथचं वाटोळं झालं. मी अर्धा तास बोलत होते. तो खाली बघून जेवत राहिला, डाव्या हातात चमचा धरून, लहान मुलासारखा. मुद्दाम मला चिडवायला.

जाळ्याच्या गाठीही आताशा मलाच मारायला लावतो. "तुझी गाठ घट्ट बसते." तीस वर्षांत पहिलं कौतुक. म्हणून मारते.

२४ मे, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

पुलोने सकाळी ओला चुरा बादलीत समुद्राच्या पाण्यासकट आणून दिला. मी चाळून बशीत घेतला आणि मायक्रोस्कोपखाली सरकवला. तपकिरी रंगाचा एक डावा शंख होता, माझ्या करंगळीच्या नखापेक्षा छोटा. उंच, निमुळता, अंगभर मण्यांच्या ओळी, जणू कोणी एकेक मणी ओवून तो विणलाय. रिकामे डावे शंख आता खूप पाहिलेत. मी चिमट्याने उचलणार तेवढ्यात तो हलला.

आधी शंखाच्या तोंडावरची दारासारखी चकती बाजूला झाली. नखाच्या पापुद्र्यासारखी पातळ, गोल. मग पांढरट पाऊल बाहेर आलं. मग दोन शिंगं, आणि शिंगांच्या मुळाशी दोन डोळे, काळे, सुईच्या टोकाएवढे बारीक. तो माझ्याकडे बघत होता असं मी म्हणणार नाही. पण डोळे होते. एवढ्याशा जिवाला डोळे कशाला लागतात?

मी "मॅम" अशी हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि खुर्ची उलटी पडली. जगात या जातीचे दोनच शंख आहेत म्हणे, दोन्ही रिकामे. आतला प्राणी कोणी बघितलेला नाही. "आणि तोही ऐंशी वाव खोलातून जिवंत! नांग, तुमच्या नवऱ्याला सांगा, मी त्यांच्या पाया पडते."

मग त्यांनी मला त्याचं शरीर कागदावर काढून दाखवलं. सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे सोंड. एरवी ती आत ओढून घेतलेली असते, मोजा उलटा करावा तशी. बाहेर काढली की अंगाएवढी लांब. हे घराणं स्पंजांवर जगतं. स्पंजाच्या भोकातून सोंड आत घालायची आणि आतलं मऊ मऊ खायचं. सोंडेच्या टोकाशी जिभेवर दातांची पट्टी. एकेका ओळीत पुष्कळ दात, आणि तेही इतके बारीक की या मायक्रोस्कोपलाही दिसत नाहीत.

घरी पुलोला सांगितलं की मॅम तुझ्या पाया पडतात. मला वाटलं फुशारेल. तो म्हणाला, "जिवंत होता? मेलेले असतात ना सगळे?" आणि उठून डुकराला खायला घालायला गेला.

२८ मे, शुक्रवार

सेबिया आज टेबलावर, सगळ्यांच्या देखत: "पिलांग, तुझा नवरा बाहेरच्या बेटाला जातो ना गं? माझा रोज तिथेच असतो. त्याला नाही बाई दिसला ईस्टरपासून."

"समुद्र काय तुझं अंगण आहे? दिसायलाच हवा?"

"मी कुठे काय म्हटलं? मोठा आहे हो समुद्र."

दुपारभर माझ्या ताटात एकही शंख आला नाही. म्हणजे ताटात असतील, मला दिसले नाहीत.

खरं लिहायचं तर मी पावाच्या दुकानातल्या त्या विधवेचा विचार करत होते. तिचं घर चर्चपलीकडे अगदी पाण्याला लागून आहे. डिझेल उरतं. दहाच्या आत घरी येतो. कौतुक करतो. भात शिजवतो. एकेक वेगळं घेतलं तर सगळं चांगलंच आहे.

३१ मे, सोमवार

मॅमनी मला कोपऱ्यातल्या खोलीत बोलावून दार लावलं. आवाज एकदम खाली होता.

तो शंख त्यांनी उघडला होता. (तो परवा मेला. मला आधी सांगितलं नाही, बरं केलं.) पोट वेगळं काढून काचेवर पसरलं होतं. "बघा," म्हणाल्या. मी बघितलं. काचेच्या सुयांसारखं काहीतरी विखुरलेलं होतं, तीन टोकांचं.

"हा स्पंजाचा सांगाडा. तो असणारच होता. पण सुयांच्या मध्ये काय आहे?"

"हिरवं आहे."

"हिरवं. म्हणजे या स्पंजाच्या अंगात शेवाळ आहे. शेवाळ कशावर जगतं?"

"उन्हावर," मी म्हटलं.

"ऐंशी वाव खाली ऊन पोचत नाही, नांग. तिथे असला स्पंज उगवणारच नाही. चिठ्ठी एक सांगते, पोट दुसरं सांगतं. आणि या पोटावर माझा जास्त विश्वास आहे."

चिठ्ठी माझ्या हातची होती. वेचलेले शंख चिठ्ठीसकट बाटलीत ठेवतात; पुलोच्या नावाच्या तेवीस बाटल्या, सगळ्यांतल्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या. मॅम म्हणाल्या, एक चिठ्ठी खोटी निघाली तर त्या माणसाचं सगळंच बाजूला काढावं लागतं. त्यात हा जिवंत सापडलेला शंखही गेला. "मी कोणाला चोर म्हणत नाही. मला फक्त जागा हवी आहे."

"विचारते," म्हटलं.

विचारलं नाही. जेवताना समोर बसला होता. तोंड उघडलं आणि म्हटलं, "मीठ हवंय?"

१ जून, मंगळवार

कामावर जायला निघाले ती गेलेच नाही. पुलोची होडी पाण्यात गेल्यावर नारळांमधून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत राहिले. विधवेच्या घराशी थांबले. ती दारात पीठ मळत होती, एकटी. मला बघून म्हणाली, "नांग, पाव तयार व्हायला वेळ आहे." पुढे गेले.

होडी किनारा संपतो त्या टोकाच्या खडकांपलीकडे होती. घरापासून हाकेच्या अंतरावर नाही, पण आमच्या छपरावर चढलं तर दिसेल. तिथे तळ पंधरा वाव असेल. लहान पोरं शिकायला गळ टाकतात ती जागा. केतकीच्या झुडपामागे उभी राहिले.

तो गाठोडं वर ओढत होता. डाव्या हाताने हातभर दोर ओढायचा, वाकून तो दातांत धरायचा, हात पुढे न्यायचा, पुन्हा ओढायचा. उजवा हात मांडीवर होता. नुसता ठेवलेला. एखादी वस्तू ठेवावी तसा. चार-पाच वेळा ओढलं की दोर गुडघ्याखाली दाबून बसून राहायचा. एकदा दोर सुटला आणि सगळं परत खाली गेलं. शिवी दिली नाही त्याने. थोडा वेळ पाण्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरुवात केली.

मी किती वेळ तिथे उभी होते ते सांगता येणार नाही. घरी आले, कपडे भिजवले. तो दहाच्या आत आला. त्याच्या ओठाचा कोपरा दोराने सोलला होता. मी इतके दिवस तो रोज बघत होते आणि समजत होते की उन्हाने फुटलाय.

२ जून, बुधवार

आज बोलले. सकाळी तो निघायच्या आधी त्याच्या पायाशी बसले आणि उजव्या पायात चप्पल घातली. पट्टा आवळला. पाय आवळून धरल्याचं त्याला कळलंच नाही. मग म्हटलं, "काल मी टोकाशी आले होते."

त्याने डाव्या हाताने ओठाचा कोपरा पुसला. मग म्हणाला, "दातांचं पण बघितलंस?"

"बघितलं."

गुड फ्रायडेच्या दिवशी झालं. त्या दिवशी समुद्रावर जायचं नसतं, हा गेला होता. बाहेरच्या बेटापाशी, साठ वाव दोर वर आलेला, आणि हात गेला. दुखलं नाही, म्हणाला, नुसता निघून गेला, जसा काही दुसऱ्याचा होता. दोर सुटला. बारा गाठोडी तळाला. होडी दुपारपर्यंत वाहत होती. मग पाय थोडा परत आला, हात फारसा नाही.

"आणि मला सांगितलं नाहीस! दोन महिने!"

"पाप केलं म्हणून झालं असं म्हणाली असतीस."

म्हटलं असतंच.

"आणि ऐंशी वाव का सांगत होतास? पंधरा म्हणाला असतास तरी त्यांनी घेतलंच असतं."

"पंधरा वावात पोरं गळ टाकतात, पिलांग." मग दोराचं टोक बोटाने उलगडत राहिला. "तू चिठ्ठीवर ऐंशी लिहायचीस ना, तेव्हा बरं वाटायचं. कागदावर तरी मी जातच होतो."

मला राग आला होता तो आलाच होता. चपलांवरून, रश्श्यावरून मी काय काय बोलले ते आठवून आणखी आला. त्याला म्हटलं, आधी इस्पितळ, मग मॅम. तो म्हणाला, "आधी मॅम. नाहीतर तू सांगशील माझ्या वतीने."

४ जून, शुक्रवार

चर्चला जायचा शर्ट घालून आला. बटणं मी लावली. मॅम टेबलाशीच होत्या, बाकीच्या दहाजणीही बसलेल्या. मला वाटलं कोपऱ्यातल्या खोलीत बोलावं. तो तिथेच उभा राहून म्हणाला, "मॅम, मी खोटं सांगितलं. जागा ऐंशी वाव नाही, पंधरा आहे. टोकाच्या खडकांपलीकडे. माझा हात चालत नाही, म्हणून मला तिथवरच जाता येतं. बायकोला माहीत नव्हतं."

चिमटे थांबले. मी सेबियाकडे बघितलं, आता हिच्या तोंडून काय निघतंय. ती खुर्ची ओढत म्हणाली, "उभा काय राहिलायस मेल्या, बस की." आणि डोळे पुसायला लागली. तिच्याकडून मला ते अपेक्षित नव्हतं. थोडं आवडलंही नाही.

मॅमनी आधी काय विचारावं? "डॉक्टरला कधी दाखवलंत?" नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज इतका खाली गेला की ऐकूच येईना. मग त्यांनी नकाशा आणला. पुलोने डाव्या अंगठ्याने जागा दाखवली. मॅम बघतच राहिल्या. "खोल पाण्यातल्या शंखांना व्यापारी विचारतात म्हणून सगळे खोल जातात. या जागी कोणी कधी जाळं टाकलंच नसेल. तुम्ही खरं सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी नाचले असते, नोंग पुलो."

तेवीस चिठ्ठ्या दुरुस्त केल्या. नवी चिठ्ठी लिहून जुनी फेकायची नाही असा नियम आहे. जुन्यावर एकच सरळ रेघ, वाचता येईल अशी, आणि खाली खरं. मी रेघा मारत होते आणि पुलो शेजारी बसून बघत होता. सातव्या-आठव्या चिठ्ठीला म्हणाला, "पंधरा नव्हे, ही चौदा होती." तिथून पुढे प्रत्येकीला थांबवून आठवून सांगायला लागला.

७ जून, सोमवार

शहरातल्या इस्पितळात दिवस गेला. मेंदूत गुठळी होऊन गेलीय. रक्तदाब इतका होता की नर्सने दोनदा मोजला. गोळ्या जन्मभर. हाताचा व्यायाम रोज. ओझं उचलणं, दोर ओढणं बंद. डॉक्टर तरुण होता, म्हणाला, "आजोबा, मासेमारीला रामराम करा." पुलो अठ्ठावन्नचा आहे. आजोबा म्हटल्याचंच त्याला जास्त लागलं.

परत येताना जीपमध्ये म्हणाला, "तो डॉक्टर कधी होडीत बसला नसेल."

१२ जून, शनिवार

म्युझियमच्या पाणबुड्याने टोकाच्या जागेवरून, पंधरा वावातून एक दगड आणला. दगड म्हणजे मेलेलं पोवळं. खालची बाजू खडबडीत, आणि कडेला, जिथे ऊन लागत असेल तिथे, गडद हिरवा स्पंज. हाताला ओल्या पावासारखा. त्याच्यावर सात. सातही डावे, सातही जिवंत. मॅमनी सगळा दगड काचेच्या टाकीत ठेवला आणि पुलोला खुर्ची दिली.

ते इतके सावकाश चालतात की चालतात असं वाटतच नाही. पाऊल लहान, शंख उंच, त्यामुळे तो मागे ओढत न्यावा लागतो. एक जण भोकाशी थांबला. सोंड बाहेर काढली आणि आत घातली आणि तसाच राहिला. अर्धा तास. मॅम श्वास रोखून होत्या. आजवर या जातीला जेवताना कोणी बघितलं नव्हतं. बघणारे पहिले आम्ही तिघं.

पुलो म्हणाला, "खातोय की झोपलाय?"

"खातोय."

"मग त्याला एकट्याला खाऊ द्या की."

मी मॅमना विचारलं, लहानपणी यांचं काय होतं, ही पिल्लं याच दगडावर राहतात का. त्यांनी मला शंखाचं अगदी टोक मोठं करून दाखवलं. टोकावरचे पहिले वेढे बाकीच्यांपेक्षा वेगळे असतात, ते पिल्लूपणाचे. त्यावरून कळतं की हे लहानपणी पाण्यात तरंगत दूरवर गेलं आणि मग स्पंज सापडला तिथे बसलं. हा प्रश्न मला आपणहून कसा सुचला असं मॅमनी विचारलं. मी म्हटलं, कोणालाही सुचेल. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी मनिलाला वेचणारी माणसं लागतील. मी ऐकलं नाही असं केलं.

१६ जून, बुधवार

नैर्ऋत्येचा वारा सुरू व्हायला आलाय, महिनाअखेर कॅम्प उठेल. आज सुट्टी होती. पुलो म्हणाला, टोकाची उरलेली गाठोडी काढून आणू, तू ओढ, मी सुकाणू धरतो. आयुष्यात कधी होडीत बसून दोर ओढला नव्हता. पंधरा वाव म्हणजे पोरांचा खेळ म्हणे! तिसऱ्या गाठोड्याला माझे तळवे सोलले. तो मागून सूचना देत होता. "पाठीने नको ओढू. पायाने ओढ. श्वास का कोंडतेस? बाळंत होतेयस का?"

"तोंड बंद कर नाहीतर दोर तुझ्या दातांत देते."

तो इतका हसला की सुकाणू सुटलं. मीही हसले, मग लाज वाटली, मग पुन्हा हसले.

काम झालं तर होडी घराकडे वळवेना. बाहेर काढली. म्हटलं, डिझेल फुकट आलंय का, डॉक्टर काय म्हणाला, वारा कुठला आहे. ऐकलंच नाही. बाहेरच्या बेटाच्या पुढे जाऊन त्याने वेग कमी केला आणि मान मागे-पुढे वळवत किनारा बघायला लागला. पाणी तिथे निळं नव्हतं, काळं होतं. मग इंजिन बंद केलं.

"इथे," म्हणाला. "ऐंशी वाव."

मी खाली बघितलं. दिसण्यासारखं काही नव्हतं.

"किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत यायला हव्यात. आणि बेटावरच्या दोन, या बाजूला. चारही जुळल्या की दगड सोडायचा. माझ्या बापाने मला दाखवलं. मी कोणाला दाखवलं नाही." मग त्याने माझी हनुवटी धरून मान एकीकडे वळवली, मग दुसरीकडे, आणि चारही खुणा मला दोनदा म्हणून दाखवायला लावल्या. दुसऱ्या वेळी चुकले तर तिसऱ्यांदा. मला वाटलं, पूर्वीची मर्दुमकी दाखवतोय, दाखवू दे.

मॅमना यातलं एकही अक्षर सांगायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. त्या चार खुणा मला पाठ आहेत. या वहीत त्या लिहीत नाही.